बांधून मिळणार नाही

भाऊसाहेबांनी दोन बोटं घशात घातली आणि माझ्या आईच्या हातची वजडी परमिट रूमच्या मागच्या पायरीवर ओकून टाकली. एकदा ओकले. पुन्हा बोटं घातली. नुसतं पिवळं पाणी यायला लागलं तरी थांबेनात. एका हातात धोतराचा सोगा वर धरला होता, कापड खराब होऊ नये म्हणून.

पोटात काही उरलं नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. आई बोळात शेगडीपाशी बसली होती. तिच्याकडं बघून म्हणाले, "काढ हे. हातानं. तुझंच हाय."

आई उठली, वाकली आणि दोन्ही हातांनी ते गोळा करायला लागली.

मी तिथंच उभी होते. एक शब्द बोलले नाही. वीस वर्षांची होते, हातपाय धड होते, तोंडात जीभ होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला वाघीण-बिघीण म्हणायला नको.

दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती. अक्कलकोटाकडच्या गावातून आम्ही खडी फोडायला म्हणून निघालो ते सोलापूरला येऊन पडलो. बाप खडीवरच गेला. नाल्यापलीकडच्या मांगवाड्यात आम्हाला खोपटं मिळालं. गिरणीच्या भिंतीमागं एक गल्ली होती. दिवसा मेल्यासारखी, संध्याकाळी पाळी सुटली की जिवंत व्हायची. शिंदीचं दुकान, देशी दारूचं दुकान, पानाची टपरी, इस्माईलचाचाची उकडलेल्या अंड्यांची गाडी. तेलुगू बोलणारे विणकर, कानडी बोलणारे हमाल, मोमीन, मराठा, सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्या गल्लीत शिरायचे. आणि गल्लीच्या तोंडाशी, जरा इज्जतीत, ही परमिट रूम. आत पंखे होते, आरसे होते, आणि कोपऱ्यात पडदा लावलेली दोन टेबलं, ज्यांना कुणी बघू नये अशा लोकांसाठी.

भाऊसाहेब त्या पडद्याआडचे. चादरींचे ठोक व्यापारी. घरी कांदालसूणसुद्धा चालायचं नाही. इथं मात्र आठवड्यातून तीन वेळा वजडी.

वजडी म्हणजे बकऱ्याचा कोठा आणि आतडी. धुणं हेच तिचं खरं काम. गरम पाणी, चुना, सुरीच्या पाठीनं खरवडणं, आतडं उलटं करून पुन्हा धुणं. आई सात पाणी काढायची. मग गोड्या तेलात कांदा, लसूण, काळं तिखट, आणि शेगडीवर कोरडी होईस्तोवर परतायचं. तिच्या हाताला जी चव होती ती गल्लीत दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. हे मी लेक म्हणून सांगत नाही, परमिट रूमचा मालकसुद्धा म्हणायचा. फक्त गिऱ्हाइकांना म्हणायचा नाही.

गिऱ्हाइकांना तो सांगायचा की हैदराबादेचा खानसामा ठेवलाय. "आमचा खानसामा लाजरा हाय," म्हणायचा, "भायेर येत न्हाय." भिंतीत ताट जाईल एवढी खिडकी होती, तिला लाकडी झडप. आईनं कढई फळीवर ठेवायची आणि तीन पावलं मागं सरायचं. मग आंजय्या वेटर आतून हात घालून ताटल्या भरायचा आणि झडप लावायचा. आम्ही मागं सरलो की आमची वजडी हैदराबादची व्हायची. दोन वर्षं हे चाललं. आई म्हणायची, "आपल्याला काय करायचंय, पोट भरतंय की."

त्या दिवशी आंजय्याची बायको बाळंत झाली होती, तो आला नव्हता. आतून मालक ओरडला, "वजडी आन की गं कुनीतरी!" घाईत त्यालाही भान नव्हतं आणि मलाही. मी ताटली उचलली, मागच्या दारानं आत गेले, पडदा सारला आणि भाऊसाहेबांपुढं ठेवली. त्यांनी एक घास घेतला, डोळे मिटले. माझ्याकडं बघून हसले.

"हातची कुनाच्या गं ही?"

माझी छाती फुगली. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

"माझ्या आयच्या," मी म्हणाले. "मागं बसलीया न्हवं का."

"राहता कुटं?"

"नाल्यापल्याड. मांगवाड्यात."

एवढंच बोलणं झालं. त्यांचा घास तोंडातच थांबला. मग ते उठले, मला बाजूला ढकललं आणि मागच्या दारानं बोळात आले. पुढचं सांगितलंच आहे. बकऱ्याची आतडी त्यांना चालत होती. आईचा हात चालत नव्हता.

आईनं पायरी साफ केली आणि शेगडीपाशी येऊन उभी राहिली. एवढ्यावर भागलं असतं कदाचित. पण देशी दारूच्या दुकानाचं मागचं दारही त्याच बोळात उघडायचं, तिथं पाचसहा विणकर गिलास घेऊन उभे होते. त्यातला एक जण हसला. आईला नव्हे, भाऊसाहेबांना हसला. पुसूनही हनुवटीवर ओकारी राहिलेला मोठा माणूस बघितल्यावर कुणालाही हसू येईल.

भाऊसाहेबांनी हसणाऱ्याला काही केलं नाही. त्यांनी शेगडीला लाथ घातली. पुढच्या वजडीसाठी तेल तापत ठेवलेली कढई उडाली. उकळतं तेल आईच्या दोन्ही पायांवर पडलं आणि त्यावर निखारे. आई ओरडली नाही, नुसती बसली. मग तिच्या घशातून जो आवाज आला तो मी आजवर कुणा माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. पायाची कातडी पायमोज्यासारखी सुटून आली होती.

इस्माईलचाचानं अंड्यांची गाडी रिकामी करून तिला गाडीवर घातलं आणि आम्ही दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं विचारलं, कशानं भाजलं. मी तोंड उघडलं तेवढ्यात आईनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. "शेगडी कलंडली," ती म्हणाली. डॉक्टरनं तसंच लिहून घेतलं.

बारा दिवसांनी मालक आमच्या खोपटाशी आला. आत आला नाही, दाराबाहेर उभा राहिला. मलमाची ट्यूब उंबऱ्यावर ठेवली.

"लोकं वजडी मागत्यात," तो म्हणाला. "सगळेच मागत्यात. तुज्या पोरीला बसीव शेगडीवर. त्यास्नी गरमच लागती. पन झडप उघडायच्या आदी पदर घ्यायचा, तोंड दिसता कामा न्हाय."

"आन गिऱ्हाइकाला काय सांगनार?" मी विचारलं.

"नवा खानसामा आलाय म्हनून."

"भाऊसायेबांना?"

मालकानं मान खाजवली. "त्येनीच इचारलं, नवा कवा येनार म्हनून. कुटला, काय, ते इचारलं न्हाय. मीबी सांगितलं न्हाय."

म्हणजे जीभ सुटेना आणि हात सोसेना, अशी भाऊसाहेबांची गत झाली होती. मालकानं अजून एक युक्ती केली होती. इस्माईलचाचाला म्हणे आत उभं करायचं, डोक्याला फडकं बांधून, हाच खानसामा म्हणून दाखवायला. चाचा आमच्याच दारात बसला होता, आईसाठी अंडी घेऊन आला होता. तो उठलासुद्धा नाही.

"नक्को सेठ," तो म्हणाला. "मैं अंडे उबालता, अंडेवाला बोलके जीता. इस माँ का पकाया मेरे नाम पे कायकू खिलाऊं?"

मालकानं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो आईकडं बघत होता. आईनं चिंध्या बांधलेले पाय पोटाशी ओढले आणि म्हणाली, "धाडते मालक पोरीला."

मला तिचा राग आला. भाऊसाहेबांचा आला होता त्यापेक्षा जास्त. मालक गेल्यावर मी तिला नको ते बोलले. पाय भाजले तरी अक्कल आली नाही म्हणाले. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "झालं तुजं? चुना भिजवून ठेव."

शनिवारी तिनं खाटेवर बसून माझ्याकडून वजडी धुऊन घेतली. पाचव्या पाण्याला मी थांबले. "कुनासाटी एवढं?" मी म्हणाले, "त्या ओकणाऱ्यासाटी?"

"कुनी का खाईना," आई म्हणाली. "माज्या हातनं घान जाता कामा न्हाय. धू अजून."

सहावं पाणी काढताना मला रडू आलं. सातव्याला थांबलं. हिला लाज नव्हती असं नाही. हिची लाज कामात होती, आणि ते काम दुसऱ्याच्या नावावर जात होतं. काय करायचं ते मला तिथं, त्या घमेल्यापाशी, कळलं.

संध्याकाळी मी बोळात शेगडी पेटवली. पदर घेतला. कढई फळीवर ठेवली, तीन पावलं मागं सरले. आंजय्यानं ताटल्या भरल्या. माझ्याकडं बघायचं त्याच्यानं होईना. झडप लागली. मी उरलेली वजडी पुन्हा शेगडीवर चढवली, उलथनं निखाऱ्यावर ठेवलं आणि झडपेला कान लावला.

थोड्या वेळानं पडद्याआडून आवाज आला. "वा! हा खानसामा पहिल्यापेक्षा बरा हाय."

मी पदर काढून कमरेला खोचला. डाव्या हातात फडक्यानं कढई धरली, उजव्या हातात उलथनं घेतलं. मागच्या दारानं गेले नाही. बोळातून वळसा घालून रस्त्यावर आले आणि पुढच्या दारानं आत शिरले. आरशात मला मी दिसले. टेबलावरची माणसं बघायला लागली. मी पडद्यापाशी गेले आणि पडदा ओढला. तो तारेसकट खाली आला.

भाऊसाहेबांच्या तोंडात घास होता. ताटली अर्धी संपली होती.

"भाऊसायेब," मी म्हणाले, "नवा खानसामा मी हाय. पयला घरी हाय. त्येचे पाय तुमी भाजलेत."

भाऊसाहेबांनी हातातला गिलास माझ्या तोंडावर मारला. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. कढई हातातून सुटली. त्यांनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मला टेबलावर खाली दाबलं, तोंड ताटलीत. मला काही दिसत नव्हतं. हातात उलथनं होतं आणि ते तापलेलं होतं. वेणी धरलेल्या हातावर मी ते टेकवलं आणि दाबून धरलं. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी वेणी सोडली तरी मी उलथनं सोडलं नाही.

मालकानं मागून माझ्या कमरेत लाथ घातली. दुसरी घालणार तेवढ्यात आंजय्या मध्ये आला. "वद्दु मालक, वद्दु," म्हणत होता, नको नको. मालकानं त्याला बाटली मारली. मग दाराजवळच्या बाकड्यावर बसलेले विणकर उठले. गल्लीतून आणखी आले. आरसे फुटले, टेबलं उलटली. कोण कुणाला मारत होतं ते मलाही सांगता येणार नाही. मी भिंतीला धरून उभी राहिले, एका डोळ्यानं फक्त भाऊसाहेबांकडं बघत.

ते भाजलेला हात काखेत धरून बसले होते. तोंडातला घास अजून गिळलेला नव्हता.

"आता वका की," मी म्हणाले.

सगळे थांबले. ओकावं तर पुन्हा फसलो हे सगळ्यांसमोर कबूल. न ओकावं तर मांगाच्या पोरीच्या हातचं खाल्लं हे कबूल. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, आणि गिळलं. मला त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसली. मग ते उठले आणि वजडी पोटात घेऊन पुढच्या दारानं घरी गेले.

मला चौकीत नेलं. जमादार म्हणाला, माफी माग आणि जा. मी मागितली नाही. दोन दिवस बसवून ठेवलं, मारलं. पोटरीवर बसलेल्या काठीचा वळ पुढं कितीतरी दिवस होता. इस्माईलचाचा बाहेर बसून राहिला. सुटले तेव्हा आई म्हणाली, "कशाला गं एवढं?" पण रडली नाही, आणि मला तिनं कधी पुन्हा झडपेमागं बस म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी मी शेगडी रस्त्यावर मांडली. परमिट रूमच्या बरोबर समोर, चाचाच्या गाडीला लागून. आई शेजारी बसायची, लुगडं घोट्याच्या वर घेऊन, पाय उघडे टाकून. मी ओरडायचे, "मांगवाड्यातली वजडी! माझ्या आयनं धुतलेली!" पहिले काही दिवस लोक बघून पुढं जायचे. मालकानं दोनदा माणसं पाठवून शेगडी उधळली. दोनदा मी पुन्हा मांडली, आणि दुसऱ्या वेळी त्या माणसांतला एक जण दात पाडून घेऊन गेला. मग विणकर यायला लागले. आंजय्याची नोकरी गेली होती, तो गिरणीत लागला होता. तोही यायचा. उभा राहून, उघड्यावर खायचा.

एके दिवशी भाऊसाहेबांच्या दुकानातला माणूस आला. डबा आणला होता. इकडंतिकडं बघत म्हणाला, "एवढी बांधून दे. कुनासाटी ते इचारू नको."

मी त्याचा डबा उचलला आणि रस्त्याच्या मधोमध भिरकावला.

आई गेली. चाचा गेला. मी अजून वजडी करते, सात पाणी काढून. अजून माणसं येतात आणि हळूच म्हणतात, घरी न्यायचीय, बांधून दे. मी कुणालाही बांधून देत नाही. खायची तर इथं खायची, दिवसाउजेडी, माझ्याकडं बघून, कुणाच्या हातची ते विचारून. आणि ज्याला ओकायचं असेल त्यानं आधी ओकून यावं. पायरी आता मी साफ करणार नाही.