उपाशी यीस्ट आणि सरांचा शोध

डूख धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आई म्हणते, एवढ्यातेवढ्यावरून काय मनात ठेवतेस. पण हे एवढंतेवढं नव्हतं. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी पीएचडी करत होते, तिथल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी माझं काम लाटलं होतं.

काम यीस्टचं. पिंपळगावच्या द्राक्षांवरून मी एक यीस्ट वेगळं काढलं होतं. सुखाचे दिवस असले की यीस्ट नुसतं वाढत सुटतं. उष्णता वाढली किंवा साखर संपली की वाढीची जनुकं थंडावतात आणि बचावाची चालू होतात. पाणीकपात जाहीर झाली की आपण धुणं बाजूला ठेवून आधी पिंप भरून घेतो, तसंच. माझं यीस्ट, बेकरीचं यीस्ट मरतं त्या उष्णतेतही तग धरत होतं. याच्यात बचावाची जनुकं जन्मतःच जागी आहेत, असं मला वाटलं. सर तर हरखूनच गेले.

मग माझ्याच डोक्यात किडा वळवळला. सोमवारी तापवलेलं ते यीस्ट मी शनिवारी वाढायला लावून नाशिक रोडला घरी गेले होते. तोवर त्याची साखर संपली असणार. तुलनेला घेतलेलं बेकरीचं यीस्ट मात्र ताजं होतं. मी माझंही ताजं, पोटभर खाल्लेलं घेऊन प्रयोग पुन्हा केला, तर तेही पटापट मेलं. जनुकं जन्मतः जागी नव्हती, उपासमारीने जागी झाली होती.

हे सांगायला सरांकडे गेले, तर त्यांच्या दारावर परिषदेचं वेळापत्रक चिकटवलेलं. माझ्या शोधापुढे सरांचं एकट्याचं नाव. आयत्या बिळावर नागोबा!

"सर, माझं नाव?"

"अगं, विद्यार्थ्यांची नावं कुठे घालत बसू? तुला अजून खूप संधी आहेत. बरं, तू काही सांगायला आली होतीस का?"

संतापाने माझे कान तापले होते. "नाही सर, सहजच," म्हणाले आणि निघाले. मनात म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

परिषदेत सर अगदी रंगात आले होते. आभारांच्या स्लाइडवर द्राक्षबागायतदार होते, मी नव्हते. प्रश्नांची वेळ झाली तसा मी मागच्या रांगेतून हात वर केला.

"सर, तापवण्याआधी यीस्ट किती वेळ वाढवलं होतं? साखर शिल्लक होती का त्यात?"

त्यांना कुठलं माहीत असायला! "नेहमीप्रमाणेच," ते म्हणाले.

पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाई सरसावून बसल्या. "नेहमीप्रमाणे म्हणजे? पेशी उपाशी असतील तर तुमचा निष्कर्षच कोसळतो."

सरांना घाम फुटला. मला आतून गुदगुल्या होत होत्या. दया तेव्हाही आली नाही, आजही येत नाही.

सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खरं म्हणजे हे सगळं काम हिने केलंय. मी फक्त मांडतोय."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. मी माइक मागून घेतला.

"हो मॅडम, काम माझंच, चूकही माझीच. ती सापडल्यावर मी ताज्या यीस्टवर प्रयोग पुन्हा केलाय. खरं उत्तर माझ्याकडे आहे, आत्ता दाखवते." मग सरांकडे वळले. "सर, त्यावर नाव कुणाचं घालू?"