साफ केलेला आवाज

सुक्या जवळ्याचा वास आला की मला दिघीची धवलारीण आठवते. लग्नात धवले गाणारी ती कोळी म्हातारी. माझ्या रॉक गाण्यांना तिच्या सुरांची जोड द्यायची म्हणून मी गिटार घेऊन दोन दिवस तिच्या ओटीवर बसलो. समोर अंगणभर जवळा वाळत होता. तिचा आवाज घोगरा, मध्येच फाटणारा, पण येत होतं ते सगळं तिने गाऊन दिलं. मुंबईत मिक्सिंगला तो आवाज गिटारशी जुळेना, तेव्हा मी तो काढला आणि तेच धवले एका तरुण गायिकेकडून गाऊन घेतले. गाणं ऐकवायला दिघीला गेलो, तर म्हातारीने शेजारणींना गोळा केलं होतं. फोनवर थोडं ऐकून ती हळूच म्हणाली, "यो माजा आवाज न्हाय." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "तुमचाच आहे, मावशी. मशीनने साफ केलाय." तिने ते खरं मानलं. पुढे कळलं, नातीच्या लग्नात सगळ्यांनी विनवलं तरी ती गायली नाही. "माजा साफ न्हाय," म्हणत तिने मांडवात फोनवरचं माझं गाणं लावायला सांगितलं. आजही कार्यक्रमात लोक तेच गाणं मागतात आणि मी ते वाजवतो.