याडीचा फेटिया

कपडे करायला कुठे शिकलीस, असं कुणी विचारलं की पुतळी सांगते, "पेणला. गणपतींवर." मुंबईतली माणसं हसतात. एवढी मोठी फॅशन डिझायनर थट्टा करतेय असं त्यांना वाटतं.

ती खरंच सांगत असते.

पुतळीचे आईवडील विजापूरकडून रोह्याला आलेले लमाणी. शेजारच्या वरसे गावात इमारती उठत होत्या, तिथे पाट्या वाहायचे. दहावीनंतरच्या सुट्टीत ती आणि तिच्या वर्गातली मी, आम्ही दोघी सकाळच्या गाडीने पेणला, दिनानाथशेठच्या कारखान्यात जायचो. मी मुकुटांना खडे लावायचे. ती मूर्तींना खरंखुरं धोतर नेसवायची, चुण्या गोंदाने बसवायची. तिथला क्रम ठरलेला. आधी वस्त्रं, शेवटी डोळे. डोळे आखले की मूर्तीच्या कपड्यांना कुणी हात लावत नाही.

काही नवीन करून दाखव, कायमचं काम देतो, असं शेठ तिला म्हणाले. त्या दिवशी पुतळीच्या याडीने, म्हणजे आईने, ट्रंकेतून फेटिया काढला. आरसे भरलेला लग्नातला घेरदार घागरा. मेल्यावर मला हाच घाला, असं ती सगळ्यांना सांगून ठेवायची.

"काप," ती म्हणाली.

"आणि तुला काय घालू?"

"मी काय आत्ताच मरतेय?"

तिनेच कापड ताणून धरलं. अख्खा फेटिया एका मोठ्या मूर्तीच्या शेल्यात गेला.

"गणपतीला लमाणी केलंस की गो!" शेठ हसले. पण काम दिलं.

त्याच आठवड्यात याडी परांचीवरून पडली आणि गेली. इस्पितळातून तिला दुपारी आणणार होते. पुतळी रडली नाही. तिने मला ओढत नेऊन एसटीत बसवलं.

"डोळे आज आखायचे होते. राहिले असतील तर शेला काढून आणू."

पेण येईपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली.

कारखान्यात डोळे आखणारे कारागीर ब्रश धूत होते. मूर्ती आमच्याकडे बघत होती.

"शेठ, माझी याडी गेली. तो शेला द्या."

शेठनी मूर्तीकडे हात केला. "पोरी, आता तो बघतोय गो. बघत्या देवाच्या अंगावरचं कसं काढू?"

पुतळी मूर्तीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "नाय काढता येणार."

शेठनी पिवळ्या सॅटिनचा तागा पुढे केला. तो तिने घेतला.

झोपडीत याडीला चटईवर ठेवलं होतं. एक डोळा अर्धा उघडाच. शेजारची म्हातारी केळीकाकी पुढे सरकली.

"छोरी, पहिला तिचा डोळा मीट."

"थांब काकी. आधी कपडे."

गणपतीला घालायची तशी पुतळी सॅटिनची एकेक चुणी घालत गेली. गोंदाची गरज नव्हती.

"फेटियाचे आरसे कुठं गेले?" काकीने विचारलं.

शेवटची चुणी पुतळीने तळव्याने दाबून बसवली. मग तो डोळा मिटला.