नंबर नसलेलं गिऱ्हाईक

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही, ते आपले साचत जातात. जालन्यात बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोबाइल नुकतेच खेड्यांत पोचले होते, त्यावर शेतकऱ्यांना बाजारभाव पाठवायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. नाव, गाव, नंबर अशी माहितीची डिक्शनरी, म्हणजे खानेवार यादी, प्रोग्रामला दिली की वर्गणीदार तयार! तो बराबर होतो का, याच्या युनिट टेस्ट प्रवीण लिहायचा. मुद्दाम अर्धवट माहिती द्यायची आणि प्रोग्राम फसतो का बघायचं.

एकदा सगळ्या टेस्ट पास होऊन स्क्रीन हिरवी झाली. मालक खूश. "किती वर्गणीदार झाले?"

"एकबी न्हाई सर," प्रवीण म्हणाला. "हे सगळे खोटे."

मालकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "मंग हिरवं कशापायी झालंय?"

*

प्रवीण चहाच्या गाड्यावर फोनवर म्हणाला, "आज टेस्टमध्ये लई फेल झाले." चहावाल्यानं कप पुढे केला. "मास्तर, खेड्यातली लेकरं असतात. थोडं सांभाळून घेत जा."

*

प्रवीणला मंठा गावात पाहिलेली मुलगी मनापासून आवडली होती. तिचे वडील चौकशीला थेट ऑफिसात आले. "काय काम करून राह्यले तुम्ही?"

"खोटी माणसं पाठवतो, अन् प्रोग्राम फसतो का बघतो."

"अन् फसला तर?"

"तर कामाचा न्हाई."

ते चहा पिऊन गेले. मग निरोपच नाही. प्रवीणचं जेवणावरचं लक्ष उडालं. 'खोटी माणसं' म्हणायला नको होतं, असं आम्हालाही वाटलं.

*

त्याच दिवसांत एक धोतरवाले गृहस्थ आले. वर्गणी पाहिजे, पण मोबाइल नाही म्हणे!

"मामा, नंबर न्हाई तर भाव कुठं पाठवू?"

"ते बघू नंतर. नाव तर घाल. तुझ्या मालकाची अन् माझी जुनी ओळख हाय."

प्रवीणचा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता, तरी तो चिडला नाही. त्यांना चहा पाजला, पण नाव काही घातलं नाही. "नंबर आणा, बिलकुल जल्दी करून देतो."

गृहस्थ उठले. जिना उतरताना त्यांच्या खिशात मोबाइल वाजला.

*

दुसऱ्याच दिवशी मंठ्याहून होकार आला. कसा, ते प्रवीणलाही कळेना.

साखरपुड्याला आम्ही सगळे गेलो. मुलीचे मामा टिळा लावायला पुढे आले. तेच ते धोतरवाले गृहस्थ. त्यांनी प्रवीणला टिळा लावला, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाले, "घ्या जावईबापू, तुम्ही काही फसले न्हाई. आता लिहून घ्या नंबर."