दगडावरची मोकळी ओळ

सकाळी दार वाजलं तेव्हा माझी दाढी अर्धी झाली होती. दार उघडलं तर शेजारच्या मार्थावहिनी, अनवाणी. "भाऊ, चला... आटोपलं," एवढंच म्हणाल्या. तसाच साबण पुसत गेलो. त्यांचे यजमान दानियलराव पलंगावर ताठ पडले होते, डोळ्यांवर चष्मा तसाच. त्याला आता सव्वा महिना झाला. छावणीतल्या आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी ओट्यावर बसून भांडणारे दोन म्हातारे होते, त्यांतला एक उरलाय. भांडायला समोर कुणी नसलं की आपलंच म्हणणं बेचव लागतं, हे मला या दिवसांत कळलं.

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी बिडकीनजवळच्या एका गावात त्यांचा जन्म. घर आजोबांच्या पिढीतच ख्रिस्ती झालेलं. नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्याची, आणि रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये आपल्या ख्रिस्ती मंडळीपुढं उपदेश करायचा. मी शाळामास्तर. देव मानतो तो सणासुदीला, नैवेद्यापुरता. मी त्यांना म्हणायचो, "मी कुणाचं वाईट केलं नाही, चोरी केली नाही, मग मला का नरकात धाडता?" ते हसायचे नाहीत. "मास्तर, आडात पडलेला माणूस म्हणतो, मला चांगलं पोहता येतं. पण आडाला पायऱ्याच नाहीत तर किती वेळ पोहणार? वरून कुणीतरी दोर टाकावा लागतो. तो टाकलाय. धरायचा का नाय, ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांचा सगळा विश्वास या दोरात होता. माणूस जन्मतः पापी, पुण्याच्या गाठोड्यानं कुणी तरत नाही. येशूनं आपल्या जागी क्रुसावर मरण पत्करलं, ते ज्यानं त्यानं स्वतः मनापासून स्वीकारायचं. तोच नवा जन्म. आईबापाच्या विश्वासावर लेकरू तरत नाही. शास्त्रात लिहिलंय ते सगळं खरं, सोयीचं तेवढंच नाही. आणि हे शेजाऱ्याला सांगितलं नाही तर त्याच्या बुडण्याचं पाप आपल्यावर. म्हणून ते मला सांगत राहिले. "रोज प्रार्थनेत तुमचं नाव घेतो," म्हणायचे. मला राग यायचा, आणि खरं सांगतो, बरंही वाटायचं. माझं नाव रोज घेणारं दुसरं कोण होतं?

त्यांना एकच मुलगा, सुधीर. त्यांच्या मंडळीत तान्ह्या पोरांना बाप्तिस्मा देत नाहीत; समज आल्यावर, ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं विश्वास सांगून पाण्यात उतरायचं. सुधीर कॉलेजात असताना पैठणला धरणाच्या पाण्यावर सगळे जमले. मलाही नेलं होतं. पोरगा पांढरे कपडे घालून गुडघाभर पाण्यात गेला आणि थांबला. "बाबा, मला अजून तसं वाटतच नाय. खोटं कसं बोलू?" काठावर कुजबुज सुरू झाली. वहिनी हात जोडून म्हणत होत्या, "एकदा बुडी मार रे राजा, बाकी होईल मागून." दानियलराव बुटांसकट पाण्यात शिरले. मला वाटलं, आता कानफटात बसणार. त्यांनी पोराचा हात धरला आणि त्याला काठावर आणलं. "पाण्यानं कुणी तरत नाय," म्हणाले, "खोटा बाप्तिस्मा नको."

पुढं सुधीर नोकरीला लागला. "वाटलं की सांगेन बाबा," असं म्हणायचा. एका दुपारी खुलताबादहून येताना घाटात ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

मातीच्या वेळी मंडळीतले लोक वाट पाहत होते, की बाप आता म्हणेल, माझा मुलगा प्रभूकडे गेला. सगळेच म्हणतात. त्यानं जिवाला टेकू मिळतो. दानियलराव उभे राहिले. "हा माझा सुधीर. लई जीव होता माझा ह्याच्यावर. ह्याच्यापुढचं मला माहीत नाय," म्हणाले आणि खाली बसले. वहिनींनी त्या दिवसापासून कित्येक महिने नवऱ्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या कबरस्तानात बहुतेक दगडांवर नावाखाली एक ओळ असते, 'प्रभूमध्ये विसावला'. सुधीरच्या दगडावर त्यांनी फक्त नाव घालायला लावलं. त्याखाली ओळीपुरती जागा घासून गुळगुळीत करून मोकळी सोडायला सांगितली.

मी चिडलो. म्हणालो, "लिहून टाका की! कोण विचारायला येणार आहे?" ते म्हणाले, "मास्तर, पाण्यात उभं राहून पोरगं खोटं बोललं नाय. मी दगडावर बोलू?"

पण मोकळी जागा सोडली होती ती उगाच नाही. येशूच्या शेजारच्या क्रुसावर एक चोर होता, त्यानं शेवटच्या घटकेला हाक मारली आणि तो तरला, असं त्यांचं शास्त्र सांगतं. सुधीरनंही हाक मारली असेल तर? ऐकलेलं कुणी भेटलं तर? त्याला रस्त्यावरून उचलणारा माणूस शोधत आम्ही दोघं खुलताबादला गेलो. तो माणूस म्हणजे रशीदभाई, पेरूची गाडी लावायचे. त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. दानियलरावांनी विचारलं, "काय बोलला का तो? कुणाचं नाव... देवाचं?" रशीदभाईंनी हातातला पेरू पुसून ठेवला. एक शब्द खोटा बोलले असते तर म्हाताऱ्याचा जन्म सुखात गेला असता. "चच्चा, मेरी गोद में सर था उनका. पानी मंगे. हौर कुछ नै बोले."

बसमध्ये दानियलराव खिडकीकडे तोंड करून बसले होते. घाट उतरल्यावर म्हणाले, "लोक मरणाला भितात. मी कुठं जाणार ते मला पक्कं ठाऊक आहे, मास्तर. त्याचीच भीती वाटते... तिथं तो नसला तर?" इतका निर्दयी विश्वास मी पाहिला नाही आणि इतका प्रामाणिक बापही पाहिला नाही. दोन्ही एकाच माणसात कसे राहत होते, देव जाणे.

त्यानंतर दर रविवारी उपदेश संपला की ते कबरस्तानात जायचे आणि रुमाल ओला करून ती मोकळी जागा पुसायचे. नाव धुळीत राहिलं तरी चालेल, ती जागा आधी. हे शेवटपर्यंत चाललं.

मागच्या आठवड्यात मंडळीतले वडीलधारे त्यांच्या दगडाचं विचारायला आले. ओळ ठरलेलीच होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यांची बी ओळ मोकळी सोडा." ते चपापले. "बाई, दानियलभाऊंच्या तारणाबद्दल कुणाला शंका हाय का?"

"मला बी नाय," वहिनी म्हणाल्या. "पन तिकडं जाऊन पोरगं दिसल्याबिगर हा मानूस विसावला असंल व्हय? आमच्या घरात खोटं लिहीत नसतात."

रविवारी वहिनींबरोबर मी गेलो. दगड बसलाय, लेकाच्या शेजारीच. मी हापशावरून बादली भरून आणली. वहिनींनी रुमाल भिजवला आणि आधी लेकाची जागा पुसली, मग नवऱ्याची. मी, सणासुदीचा भाविक, त्या दोन कोऱ्या पट्ट्यांसमोर उभा राहिलो. एवढी वर्षं माझं नाव घेणाऱ्याचं नाव घेतलं आणि ज्या देवाशी माझी ओळख नाही त्याला म्हणालो... पोरानं पाणी तरी मागितलं होतं हो. तेवढीच हाक धरा.