मिराशी मास्तरांची अक्का

मिराशी मास्तर कोणतीही यादी हातात घेतली की आधी टेबलाच्या खणातून लाकडी पट्टी काढायचे. पट्टी कागदावर अशी ठेवायचे की एकच ओळ उघडी राहावी. ती वाचायची, पट्टी खाली सरकवायची, पुढची वाचायची. पन्नास पानं असली तरी हेच. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेलीय. विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "नजर हाय बाई. अक्का कशी बघती, त्ये बघतोय."

अक्का म्हणजे कुणी बाई नव्हे. आमच्या कचेरीतल्या संगणकात 'ऑक' नावाची एक भाषा होती, फारशी कुणाला ठाऊक नसलेली. यादीची एकेक ओळ वाचायची आणि तिच्यावर सांगितलेलं काम करायचं, एवढंच तिला येई. आमची कचेरी होती त्या जोयड्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, त्यामुळं ऑकची अक्का व्हायला एक दिवससुद्धा लागला नाही. शिपायापासून साहेबापर्यंत सगळे म्हणू लागले, "अक्काला विचारा."

नव्वदीची सुरुवात होती. जोयड्यात एका खाजगी कचेरीनं गावोगावच्या घरांची पाहणी करायचं काम घेतलं होतं. आता ती कचेरी नाही. मी मूळची खानापूरकडची, लग्न होऊन रामनगरात आले. रोज सकाळी गच्च भरलेल्या बसमधून जोयड्याला जायचं, दिवसभर नावं टाइप करायची, संध्याकाळी परतून भाकऱ्या थापायच्या. नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि चूल माझ्या पगारावर होती. पाठ आणि डोळे यांपैकी आधी काय जाणार, एवढाच प्रश्न होता.

मास्तर माझ्याहूनही थकलेले. नंदिगड्ड्याचे. जंगलातल्या शाळांत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, मग या कचेरीत लागलेले, गुडघे कामातून गेलेले. "कसं काय मास्तर?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "थकलोय. पण चाललंय." अक्का त्यांनी यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून स्वतःच शिकून घेतली होती. का शिकलात, असं विचारलं तर म्हणायचे, "तीस वर्सं पोरांस्नी कोडी घातली. आता मला कोण घालणार?"

रोज सकाळी फळ्यावर ते एक कोडं लिहीत. कोडं कसलं, आदल्या दिवशीची कुणाची तरी अडचणच असायची. शाळेच्या हजेरीत सलग तीन दिवस न आलेली पोरं कोणती? आपल्या अर्जांतले मधले कोणते क्रमांक गहाळ आहेत? ते सोडवायला अक्कानं काय करायचं, हे सांगणाऱ्या अकरा ओळी दुपारपर्यंत मी घाम गाळून लिहायची. मास्तर माझ्या मागं उभे राहून वाचायचे आणि एका ओळीत तेच करून दाखवायचे. मला असा राग यायचा! "एवढं लिवून दमलासा न्हवं बाई?" ते म्हणायचे. "दमल्या माणसानं कमी लिवावं."

वर्षभरात मीही कमी लिहायला शिकले. तिथंच घात झाला.

जंगलातल्या गावांतल्या बेघर कुटुंबांना रामनगरजवळ घरासाठी जागा मिळणार होती. अर्जांची यादी आम्ही केली. वरून निरोप आला की यादीत एकेक माणूस दोनदा आलाय, सोमवारच्या आत दुबार नावं काढा. त्या दिवशी मास्तर तापानं फणफणले होते, तरी आले होते. मी म्हटलं, "तुम्ही बसा, मी करते." आणि एक ओळ लिहिली, उद्गारचिन्हानं सुरू होणारी, दोन अधिकांनी संपणारी. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, हे चारही रकाने आधी येऊन गेले असतील तर ती ओळ सोडून दे. वयाचा रकाना मी मुद्दाम धरला नाही. तिकडं वय अंदाजानंच सांगतात, एकच माणूस एका अर्जात साठ वर्षांचा तर दुसऱ्यात पासष्टचा. मास्तरांनी ओळ पाहिली आणि म्हणाले, "शाब्बास बाई. आता तुमी अक्काची भन झालासा." मी दिवसभर हवेत होते. साहेबांची सही होऊन यादी गेली.

पंधरा दिवसांनी गुंद गावचा एक तरुण कचेरीत आला. सोबत त्याचा आजोबा, काठी टेकत. तरुण मास्तरांना म्हणाला, "सायब, अज्जाचं नाव लागलंय, माझं न्हाई. आमची चूल येगळी हाय, अर्ज येगळा हाय." मी नाव विचारलं. "सोमा भिवा वेळीप." आणि आजोबांचं? "सोमा भिवा वेळीप."

त्या डोंगरातल्या घरांत आजोबाचं नाव नातवाला देतात. भिवाचा मुलगा सोमा, सोमाचा मुलगा भिवा, भिवाचा मुलगा पुन्हा सोमा. आमच्याकडंही पाळण्यात आजोबांचं नाव ठेवतात, पण कागदावर दुसरं लावतात. इथं कागदावरही तेच. चारही रकाने सारखे, आणि अक्कानं दुसरा सोमा खुशाल सोडून दिला. म्हातारा माझ्याकडं बघत होता. शांतपणे म्हणाला, "म्या जिवंत हाय, त्यो बी जिवंत हाय. मग बाई, मेलं कोण?"

मास्तर कपाळाला हात लावून खाली बसले. "आमच्या घरात मीच दुसरा बाबू गणेश मिराशी," ते म्हणाले. "अज्जाबी बाबू गणेश. आनी मलाच सुचलं न्हाई!"

त्यांनी लगेच दुसरी ओळ लिहिली, पहिल्या ओळीनं जे जे गाळलं ते दाखवणारी. एकोणीस नावं निघाली. त्यांतली खरी दुबार किती आणि जिवंत माणसं किती? मी म्हटलं, आता वय धरून बघू. ते म्हणाले, "नगं. अक्काला पुन्यांदा इचारू नगा. तिला माणूस ठावं न्हाई, रकाना ठावं. दारात जाऊनच इचाराय पायजे."

आणि गेले. गुडघ्यांना फडकी बांधून आठ दिवस ते अणशी, गुंद, नंदिगड्डे फिरले, बस असेल तिथं बसनं, नसेल तिथं पायी. मी कचेरीत नावं टाइप करत होते. परत आले तेव्हा त्यांच्यानं पायरी चढवेना. अकरा नावं खरोखरच दोनदा आली होती. आठ माणसं होती.

साहेब म्हणाले, "सही झालेली यादी मी कशी फिरवू? चूक कुणाची ते लेखी द्या, तरच पुरवणी यादी पाठवतो. आणि ज्याची चूक, त्यानं उद्यापासून येऊ नये." मास्तरांनी खुर्चीवर बसूनच कागद ओढला. मी शेजारी उभी होते. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'दुबार नावे काढण्याची ओळ मी लिहिली. चूक माझी.' डोळ्यांपुढं घरची चूल आली. मी गप्प राहिले. लाज वाटते सांगायला, पण राहिले.

संध्याकाळी बसस्टँडवर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, ओळ माझी होती." "व्हय की," ते म्हणाले, "आनी शाब्बास कुणी म्हटलं? तुमास्नी पगार पायजे बाई. मला आता झोप पायजे." बस आली. गुडघा धरून चढले आणि खिडकीतून म्हणाले, "जावा आता घरी. थकलासा."

पुरवणी यादी निघाली. गुंदच्या सोमाला जागा मिळाली, बाकीच्या सातांनाही. मी त्या कचेरीत आणखी पाच वर्षं काढली, अक्काच्या जिवावर बढतीसुद्धा मिळाली. मास्तर गेल्याचं मला नंदिगड्ड्याच्या बसच्या कंडक्टरकडून कळलं, तेही जाऊन दोन महिने झाल्यावर. रडायलासुद्धा उशीर झाला होता.

गळालेली आठ नावं मास्तरांनी पायी फिरून परत आणली. नववं, माझं, त्यांनी त्या कबुलीच्या कागदातून स्वतःच्या हातानं गाळलं. ते आज मी लिहिते. दुबार नावं काढण्याची ती ओळ सुनंदा पाटील हिनं लिहिली होती.