कर्णेवाला

कडेगावकडच्या एका जत्रेत कुस्त्या बघायला मी स्पीकरवाल्याशेजारी बसलो होतो. माइक तो कुणालाही द्यायचा. एका हातानं निवांत भेळ खायचा, दुसरा हात मात्र बटणावरच.

एकानं माइक घेऊन हरलेल्या पैलवानाच्या बहिणीबद्दल वाईटसाईट बोलायला सुरुवात केली. दुसऱ्याच शब्दाला कर्णा गप्प.

“बोलतोय मी! तुला काय झालं?”

“बोल की रं. पर गावभर ऐकवतोय माजा कर्णा.”

लोक हसले. मी त्याला मोबाइलवरची बातमी सांगितली. लोक आमच्या साइटवर काहीही लिहोत, आम्ही जबाबदार नाही, असं एक कंपनी कोर्टात म्हणत होती.

“बटन हाय का त्यांच्याकडं?”

“आहे.”

“मग?” म्हणत त्यानं टॉवेलनं माइक पुसला आणि पुढच्याच्या हातात दिला.